बाटलीतला लांडगा

प्रिय हिसानो,

चिएमीचं पत्र आणि तिनं पाठवलेला मिठाईचा डबा परवा एकदमच पोचले. डबा अजून उघडलेला नाही. नवऱ्याच्या फोटोसमोर ठेवलाय आणि येता-जाता त्याच्याकडे तिरप्या नजरेनं बघते. तुला वाटेल, किनुए आता मिठाईवरही संशय घ्यायला लागली. मिठाईचा काही दोष नाही. तुझी लेक लिहिते की तुझं खुब्याचं हाड जुळलं, काठी टेकत दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन फेऱ्या मारतेस. आणि वसंतातल्या पितरांच्या आठवड्यात तुला इथं डोंगरात परत आणायचं, की तुझं घर कायमचं बंद करून तुला तिच्याकडेच ठेवायचं, ते या महिनाअखेरीला ठरवायचंय. तिचं मन घर बंद करण्याकडे आहे, तुझा हट्ट परत येण्याचा. त्या हट्टाचं तू तिला जे कारण दिलंस, ते वाचता वाचता माझ्या हातातला चहा गार झाला. त्याच्याकडे मी शेवटी येईन. तोवर एवढंच कर, हे पत्र एकटीनं वाच. चष्मा सापडत नाही म्हणून चिएमीच्या हातात देशील, तसं करू नकोस. चष्मा डोक्यावर असेल, बघ.

तुझा गोमा बरा आहे. तेरा वर्षांचं कुत्रं, त्या मानानं खातो चांगला. माझ्या ताटातल्या माशाचं डोकं त्याचं, हे त्यानं परस्पर ठरवून टाकलंय. रोज सकाळी तुझ्या अंगणात जाऊन बसतो आणि ऊन पाठीवरून सरकलं की परत येतो. तुझ्या वळचणीला वाळत घातलेली अमरफळं मी उतरवून डब्यांत भरली आहेत. एकही खाल्लेलं नाही. खरं म्हणजे एक खाल्लं, पण ते खाली पडलेलं होतं. बर्फ यंदा कमीच. छपराला काही झालेलं नाही, मी दर आठवड्याला बघून येते.

माझा स्वभाव तुला नव्यानं सांगायला नको. आपण दोघी एकाच वसंतात या गावात सुना होऊन आलो, तू वरच्या घरी, मी खालच्या. त्याला चौपन्न वर्षं झाली. पहिल्याच दिवशी सासूनं मला चुलीपाशी बसवून सांगितलं, वरच्या घराशी गोड बोलायचं, पण पाण्याच्या पाटावर नजर ठेवायची. मी चौपन्न वर्षं नजर ठेवली. तुमच्यातल्या कुणी आमच्या वाटणीचं ओंजळभर पाणी कधी वळवलं नाही. पण म्हणून सासूबाईंचं म्हणणं खोटं असेल असं काही माझ्या मनात आलं नाही. मला वाटायचं, वरची माणसं हुशार आहेत, सापडत नाहीत. तू एकदा म्हणाली होतीस, किनु-चान, तू देवापुढे हात जोडतेस तेव्हाही तुझा एक डोळा उघडा असतो. मी हसले, आणि हिला ते दिसलं कसं, म्हणजे हिचाही उघडा होता की काय, असा विचार करत घरी गेले.

तर त्या बाटल्या. गेल्या जूनमध्ये सोयाबीनची रोपं वीतभर झाली आणि हरणांनी एका फटक्यात अर्धा वाफा साफ केला, तेव्हा मी खाली ओकुमुराच्या अवजारांच्या दुकानात गेले होते. त्यानं फळीवरून पाकीट काढलं, लांडग्याचं मूत. परदेशात कुठं लांडगे पाळतात आणि त्यांचं मूत भरून विकतात म्हणे. भोकाच्या बाटलीत ओतायचं, बाटली कुंपणाला टांगायची, वास सुटला की हरणं फिरकत नाहीत. आपल्या डोंगरातला शेवटचा लांडगा संपला त्याला माझ्या सासऱ्यांच्या आजोबांचा काळ लोटला. आता तो कोठीच्या दारावर चिकटवलेल्या देवळातल्या कागदावर तेवढा उरलाय, पीक राखायला. मी ओकुमुराला विचारलं, हे लांडग्याचंच कशावरून, तुझं कशावरून नाही? तो म्हणाला, अख्ख्या खोऱ्यात तुमच्यासारखं नाक नाही आजी, हुंगा आणि तुम्हीच सांगा. दुकानातली चार माणसं वळून बघायला लागली. त्यानं थोडं एका बाटलीत ओतून दिलं, मी ती नाकाला लावली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, लांडगाच आहे.

हिसानो, मला काहीसुद्धा आलं नव्हतं. तीन हिवाळ्यांपूर्वी मला तो मोठा ताप आला होता ना, तो जाताना माझं नाक घेऊन गेला. भात करपला, मासा शिळा झाला, पाऊस पडून माती भिजली, मला काही म्हणजे काही कळत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? दर मार्चमध्ये प्रत्येक घरचं आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचं पिंप माझ्यासमोर उघडतात, मी वाकून हुंगते आणि सांगते, सोयाबीन मुरलंय, किंवा अजून महिनाभर झाकून ठेवा. या गावात माझ्याकडे दुसरं होतं काय? नवरा गेला, मुलगा शहरात, शेत हरणांचं. नाक तेवढं माझं होतं. मग तीन वर्षं मी नुसतीच वाकत राहिले. तू शेजारी उभी असायचीस आणि दर वेळी माझ्याआधी बोलायचीस, जरा आंबूसच आहे ना गं, किंवा यंदा काय सुरेख उतरलंय. मी तेच पुढे म्हणायचे आणि मनातून जळायचे. वाटायचं, हिला माझी जागा हवी आहे.

ओकुमुरानं निघताना एक बजावलं होतं. बाटल्यांची जागा दर पंधरवड्याला बदला, मधून दोन-चार दिवस काढूनही ठेवा. नुसता वास येतो आणि मागून लांडगा येत नाही, हे जनावराच्या ध्यानात यायला फार वेळ लागत नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हणजे लवकर संपावं आणि मी पुन्हा याच्या दारात उभं राहावं. घरी येऊन अकरा बाटल्या टांगल्या आणि नंतर एकीलाही हात लावला नाही.

पहिले तीन आठवडे मी जे बघितलं ते तुला कधी सांगितलंच नाही. उजाडताना मी अवजारांच्या खोपटात बसून फळीच्या फटीला डोळा लावायचे. कळपाच्या पुढे ती फाटक्या कानाची थोराड मादी होती, तुझ्या ओळखीची. कुंपणापासून वीसेक पावलांवर तिचे पाय जागीच थबकले. मान वर, कान पुढे, नाकपुड्या फुगलेल्या. मग तिनं पुढचा एक पाय उचलून जमिनीवर आपटला. पुन्हा आपटला. शेपटीभोवतालचे पांढरे केस फुलले, एक बारीक शीळ घातली आणि अख्खा कळप मागे फिरला. दोन पिल्लं होती, ती पळालीसुद्धा नाहीत, वास आला तिथंच गवतात पोट टेकून दगड झाली आणि आईनं बोलावल्यावर उठली. दुसऱ्या दिवसापासून ती लांबून वळसा घ्यायला लागली. चरताना दोन घास झाले की मान वर, पुन्हा दोन घास, पुन्हा मान वर. यांच्यातल्या एकीनंही लांडगा पाहिलेला नाही, हिच्या पणजीनंही पाहिलेला नाही, तरी कुणीतरी रक्तातच सांगून ठेवल्यासारखं सगळ्यांना माहीत. मला ते फार आवडलं. ही माझ्याच जातीची जनावरं आहेत असं वाटलं.

गोमाचंही तेच झालं. आपल्या दोन घरांमधल्या वाटेवर, माझ्या कुंपणाच्या कोपऱ्यात, अमरफळाच्या झाडाला मी एक बाटली टांगली होती. तिथं आल्याबरोबर त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले, शेपूट पायांत गेलं. भुंकला नाही, गुरगुरला नाही, नुसता थरथरत मागे सरकला. त्यानंतर तो त्या तीस पावलांच्या वाटेनं आलाच नाही. तू त्याला देवळाच्या बाजूनं लांबून आणायचीस, रानडुकरं शिरू नयेत म्हणून लावलेलं जाळीचं दार उघडून.

माझ्याकडून हुसकलेली हरणं कुठंतरी जाणारच. ती तुझ्याकडे गेली. आठवड्याभरात तुझ्या रताळ्यांच्या वेलांवर पान राहिलं नाही. तू बांधावर उभी राहून हसत म्हणालीस, तुझा लांडगा हरणं हाकून माझ्याकडे धाडतो, जरा समज दे त्याला. मी त्या हसण्याचा कीस काढत बसले. जिचं नुकसान झालं ती हसते कशाला? आत काही शिजत असल्याशिवाय? तुला दोन-तीन बाटल्या द्याव्यात हे मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं.

ऑगस्टमध्ये पितरांना निरोप दिल्यावर मी दोन दिवस मुलाकडे गेले, तेव्हाच ते वादळ झालं. परत येऊन बघते तर बाटल्या जागच्या जागी, पण त्यांतल्या तीन बाटल्यांच्या गाठी माझ्या नव्हत्या. अमरफळं टांगताना तू मारतेस ती डावखुरी गाठ मी आंधळेपणीही ओळखेन. आणि चौथ्या दिवशी उजाडताना कळप आत. फाटक्या कानाची मादी अमरफळाच्या झाडाला टांगलेल्या बाटलीला नाक लावून उभी राहिली, जरा वेळ विचार केल्यासारखं केलं, आणि तिच्या खालचीच सोयाबीनची पानं खायला लागली. तिच्या मागून सगळी. मान वर करायचे कष्टही कुणी घेईना.

मग माझ्या डोक्यात हिशेब पक्का झाला. हिनं लांडगा ओतून टाकला आणि पाणी भरलं. रताळ्यांचा सूड. खात्री करायला एकदा हुंगलं की झालं असतं, आणि तेवढंच मला करता येत नव्हतं. दुसऱ्या कुणाला हुंगायला सांगावं तर माझ्या नाकाचं बिंग फुटणार. म्हणून मी पाळत ठेवली. झाडाखाली भाताचा कोंडा पसरला, बाटलीच्या झाकणाला माझा पांढरा केस बांधला. कोंड्यावर तुझ्या रबरी बुटांचे ठसे उमटले. केस मात्र जागेवर होता. मी म्हटलं, किती सफाईनं उघडते बघा. तू म्हणशील, गोमा अजून त्या झाडाला घाबरत होता, तेवढ्यावरून तरी कळायला हवं होतं. कळलं होतं की. पण तू त्याला मुद्दाम शिकवून ठेवलं आहेस, असं मी स्वतःला पटवलं. कावीळ झालेल्याला कुठला रंग दाखवायचा?

सप्टेंबरात पाट साफ करून झाल्यावर सगळे देवळाच्या ओसरीवर भाताचे मुटके खात बसलो होतो. तिथं मी तोंड उघडलं. तुला सगळ्यांसमोर विचारलं, माझ्या बाटल्यांच्या गाठी तुझ्या आहेत की नाहीत. तू म्हणालीस, "आहेत." मी म्हटलं, मग आत लांडगा नाही, पाणी आहे. कुमाकावांच्या हातातला मुटका तसाच राहिला. ऐंशी वर्षांचा माणूस, गावाचा कारभार बघतो, त्यांना कटकट नको होती. ते म्हणाले, "किनुए-सान, असं बोलण्याआधी तुम्ही हुंगून तर बघितलंत ना?"

"हुंगलं," मी म्हणाले. "नुसतं पाणी."

संपलं. माझ्या नाकानं सांगितल्यावर बाटली आणून बघायची गरज कुणाला वाटली नाही. तू माझ्याकडे बघत राहिलीस. काही बोलणार होतीस, ओठ हललेले मला दिसले. मग ते मिटलेस, सगळ्यांसमोर वाकून माफी मागितलीस, आपलं फावडं उचललंस आणि निघून गेलीस. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. खरी असती तर गप्प बसली असती का?

त्यानंतरचं तुला ठाऊक आहे. बोलणं बंद. आपल्या गावची फिरती पाटी, तिच्यावर सूचनांचे कागद लावून ती घरोघर जाते, प्रत्येकानं शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी हातात नेऊन द्यायची, हाक मारून. ती कुमाकावांकडून तुझ्याकडे आणि तुझ्याकडून माझ्याकडे. सप्टेंबरपासून तू ती माझ्या दारातल्या पेटीत गुपचूप ठेवून जायला लागलीस, कारण हाकेला मी ओ देत नव्हते. पाटी कुठल्याच घरात एका दिवसावर राहत नाही. खालचे तेराशिमा आजोबा तीन दिवस मरून पडले होते आणि कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून तर नियमच झाला, पाटी ज्या घरी अडली त्या घरी जाऊन बघायचं.

आता तो नोव्हेंबरातला बुधवार. दुपारी मी दारात शेंगा सोलत बसले होते. गोमा आपल्या मधल्या वाटेवर दिसला. देवळाकडचं जाळीचं दार त्याला तुझ्याशिवाय कोण उघडणार? म्हणून तो जूनपासून टाळलेल्या वाटेनं येत होता. अमरफळाच्या झाडाअलीकडे थांबला. पाठीवरचे केस उभे, शेपूट पोटाला चिकटलेलं, पाय लटपटताहेत. मागे फिरला. पुन्हा आला. मग खाली बसला आणि पोट जमिनीला घासत, कण्हत, त्या बाटलीखालून सरपटत पुढे आला. भीतीनं मुतत आला, हिसानो, मागे ओली रेघ उठली होती. पण आला. माझ्यासमोर येऊन माझ्या झग्याचं टोक दातात धरलं. त्या क्षणी मला दोन गोष्टी कळल्या. त्या बाटलीत पाणी नाही. आणि वर काहीतरी झालंय.

तू आतल्या पायरीखाली पडली होतीस, मंगळवार सकाळपासून. पाटी तुझ्या अंगाखाली होती, तिच्यावर तुझा शिक्का मारलेला, म्हणजे तू ती मला द्यायला निघाली होतीस. अंग बर्फासारखं गार. कपड्यांतच सगळं झालेलं, एवढ्या तासांत दुसरं काय होणार. मी गाडी मागवायला फोन केला, परत येऊन तुझं डोकं मांडीवर घेतलं. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस:

"बरं झालं तूच आलीस, किनु-चान. तुला वास येत नाही."

तू ते हसत म्हणालीस. तुला आठवत नसेल, कदाचित. मला मात्र त्यानंतर एक रात्रही धड झोप नाही. म्हणजे तुला माहीत होतं. तीन वर्षं पिंपावर वाकून तू आधी बोलायचीस ते मला सांगण्यासाठी, माझी अब्रू राखण्यासाठी. आणि देवळाच्या ओसरीवर तुला एकच वाक्य बोलायचं होतं, हिला वास येत नाही, ही खोटं बोलते. तेवढ्यावर तू सुटली असतीस. ते वाक्य ओठांपर्यंत येऊन तू गिळलंस आणि चोर ठरून घरी गेलीस.

गाडी तुला घेऊन गेल्यावर मी झाडाची ती बाटली काढली, झाकण उघडून गोमासमोर धरली. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, डोळे पांढरे केले. कुमाकावांच्या बायकोला हुंगायला दिली, तर तिनं दुपारचं जेवण जवळजवळ माझ्या पायावर काढलं. गाठींचं, आजोबा गेल्यावर इथं राहायला आलेल्या तेराशिमांच्या सुनेकडून कळलं. वादळात बाटल्या खाली आल्या होत्या, तू भर पावसात येऊन त्या पुन्हा बांधल्यास. माझ्या शेतात हरणं शिरू नयेत म्हणून. नंतरही येऊन गाठी घट्ट आहेत का बघून जायचीस, म्हणून कोंड्यावर ते ठसे. हरणांना तुझी काही मदत लागलीच नव्हती. दोन महिने वास आला आणि लांडगा आला नाही, एवढं त्यांना पुरलं. रक्तातली भीती त्यांनी दोन महिन्यांत तपासून टाकून दिली. मला चौपन्न वर्षं मिळाली होती.

नव्या वर्षाच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. नाक गेलंय, तीन वर्षं झाली. बाटली मी हुंगली नव्हती, हुंगू शकतच नव्हते. हिसानोनं काही केलं नाही, मी खोटं बोलले. मग कुमाकावांची बायको म्हणाली, तरीच आमचं आंबट पिंप तुम्ही झकास म्हणालात, त्या वर्षी हिसानो-सान सर्दीनं आली नव्हती, आणि आम्ही ते वर्षभर नाक मुठीत धरून खाल्लं. सगळे हसले. मीही हसले, पण घरी येऊन रडले. तुझ्यावरचा आळ गेलाय, एवढं नक्की. मी तुझी माफी मागते, आणि ही माफी तू माझ्यासारखी उलटून-पालटून बघितलीस तरी चालेल.

आता ते कारण. चिएमी लिहिते, "आई म्हणते, किनु-चान शेजारी असताना मला कसली भीती? पाटी आली नाही तर ती धावत येतेच. तुम्ही तेव्हा लगेच गेलात म्हणून आई वाचली, तुमचे उपकार कसे फेडू?" म्हणून मिठाई. हिसानो, मी लगेच गेले नव्हते. मंगळवारी सकाळी भाजीच्या गाडीपाशी कुमाकावांची बायको म्हणाली होती, पाटी काल संध्याकाळीच तुमच्या वरच्या घरी पोचती केली. ती दिवसभर माझ्याकडे आली नाही. गोमा सकाळपासून तुझ्या अंगणात विव्हळत होता, ते मला शेंगा सोलताना स्वच्छ ऐकू येत होतं. दिवेलागणीला तुझ्या खिडकीत उजेड नव्हता, तेही मी पाहिलं. आणि मी म्हटलं, मुद्दाम अडवून धरलीय पाटी, मी विचारायला यावं म्हणून, बसू दे. कान माझे शाबूत आहेत, डोळे शाबूत आहेत, नियम मला पाठ आहे. तू थंडीत पडून होतीस आणि मी तीस पावलांवर बसून संशय राखत होते. गोमा आला नसता तर मी आणखी किती बसले असते, मला सांगता येत नाही. माझ्या भरवशावर तू परत यायचं ठरवत असशील, तर त्या भरवशात काय भरलंय ते तू आधी हुंगून घ्यावंस, म्हणून हे पत्र. ठरव ते तुझं तू. लेकीकडे राहिलीस तर मी तुला दोष देणार नाही, गोमाला पोचवायला स्वतः येईन. आणि आलीस तर हे लक्षात ठेव: आपल्या मधल्या वाटेवरच्या बाटल्या मी काढून टाकल्या आहेत, आणि कुमाकावांना सांगून पाटीचा क्रम उलटा करून घेतलाय. आता ती आधी माझ्याकडे येते आणि मग तुझ्याकडे. म्हणजे तिची वाट बघत मला बसता येत नाही, मलाच उठून यावं लागतं. जानेवारीपासून मी दर खेपेला ती घेऊन तुझ्या बंद दारापाशी जाते, मोठ्यानं तुला हाक मारते, थोडी थांबते, आणि मगच पाटी पुढे नेते.

तुझीच,
किनुए